एकही नसलेल्या बोटी

मोयनाकच्या शाळेत, सातवीत,
तोरेनियाझ सरांनी फळ्यावर लिहिलं :
आमच्या समुद्रात तरंगणारी प्रत्येक बोट निळी आहे.
खरं की खोटं?

आम्ही फिदीफिदी हसलो. समुद्र कसला!
बीबिझादा म्हणाली, साफ खोटं.
"मग एक दाखव, निळी नसलेली."
ती खिडकीशी गेली, बराच वेळ उभी राहिली.
बाहेर वाळू. वाळूत रुतलेलं गंजकं जहाज,
त्याच्या सावलीत कोणाची तरी गाय, रवंथ करत.
"ते तरंगत नाही," सर म्हणाले. "म्हणजे विधान खरं."
"आणि प्रत्येक बोट लाल आहे म्हटलं तर?"
"तेही खरं."
खडूची पूड जिभेवर खारट लागायची.

मग त्यांनी लिहिलं : जर समुद्र परत आला, तर
आणि टिंबं सोडली.
कल्लिबेक मागच्या बाकावरून बोलला,
"तर आजोबा मला जाळं विणायला शिकवतील."
आजोबांना जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते.
सर फळ्याकडेच तोंड करून राहिले.
"पहिला भाग खोटा असला," ते हळूच म्हणाले,
"की अख्खं वाक्य खरं धरायचं. नियम आहे."
कल्लिबेकनं वहीत 'खरं' लिहिलं,
खाली दोन रेघा ओढल्या,
कागद फाटेपर्यंत.

काल नुकूसच्या कचेरीत एक अर्ज भरला.
रकाना अकरा :
आपल्या मालकीच्या सर्व बोटींची नोंदणी झाली आहे काय?

मी 'होय'वर खूण केली.