अकरा नंबरची गाडी

एकोणीस वर्षं हा रस्ता मी चालवला.
सत्तावीस वळणं. खाली दोरू नदी,
धरणानं अडवलेली, म्हणून गप्प.
वर पायरी-पायरीनं आभाळाकडे निघालेले द्राक्षांचे मळे,
आणि आरशात एकतीस डोकी.
मग सतरा. मग सात.
शेवटी दोनच पोरं उरली, तीही भांडून
बसच्या दोन टोकांना बसायची.
जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं
आणि अकरा नंबरची गाडी
माझ्यासकट बंद झाली.

हिशेबाचे पैसे मिळाले, त्यातून सायकल घेतली.
जुनी, शर्यतीची, दांड्यावरचा निळा रंग खरवडलेला.
विकणारा म्हणाला, इल्दाबाई, हिला स्टँड नसतो.
म्हटलं, मला तरी कुठं आहे?

आज रविवार.
खिशात दोन सुकी अंजिरं, पाठीवर ऊन.
सहाव्या वळणावर कळलं
की हा चढ आहे.
एकोणीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं!
इंजिनानं सगळं आपल्या पोटात ठेवलं होतं.
आता पोटऱ्या बोलतायत, चेन करकरतेय,
घाम भुवईवरून थेट डोळ्यात.
दुरून डोंगर साजरे म्हणतात,
मी तर रोज त्यांच्या कुशीतून जायचे.
पण काचेतून.

थांबा आला की हात आपसूक ब्रेकवर.
या अंजिराखाली ब्रुनिल्द चढायची,
एक बूट पायात, एक हातात.
आता लक्झेंबर्गमध्ये म्हाताऱ्यांना अंघोळी घालते.
त्या पांढऱ्या भिंतीपाशी जुळी भावंडं,
त्यांची नावं मी शेवटपर्यंत उलटीच घेतली.
कुणी चढलं नाही.
तरी मोजून तीन श्वास थांबले,
मग पुढं.

बाराव्या वळणावर चाक बसलं.
तिथं अदेरितु, हिवाळ्यात ढासळलेली ताल
पुन्हा रचत होता, पाटीच्या दगडावर पाटीचा दगड.
मान वर न करता म्हणाला,
‘आज बसला उशीर.’

त्याच्या बादलीत वाइनची बाटली गार होत होती.
तिच्या शेजारीच ट्यूब बुडवली.
बुडबुडे आले, बारीक, एका रेषेत,
जणू बाटलीला काही विचारतायत.
मी ठिगळ चिकटवलं, त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं.
त्याचा अंगठा दगडाच्याच रंगाचा.

‘माझ्या भिंतीत सिमेंट नाही,’ तो म्हणाला.
‘पाणी कोंडलं की भिंत जाते.
म्हणून फटी ठेवायच्या. हे शिकायला दहा वर्षं गेली.
तुझं बघ. एक फट, आणि गाडी बसली.’
मी विचारलं, कुणाला शिकवलंस?
त्यानं एक दगड उचलला, फिरवून पाहिला,
परत खाली ठेवला.
‘फाउश्तु रविवारी फोन करतो,’ म्हणाला.
पुढं काही नाही.
मला आठवला फाउश्तु: ड्रायव्हरच्या मागची सीट,
एकोणिसाव्या वळणाला न चुकता उलटी.

निघताना म्हणाला,
‘तुझा तो हॉर्न, एकोणिसाव्या वळणाचा.
तो वाजला की मी जेवायला बसायचो.
जूनपासून जेवायचं राहूनच जातं.’

वरपर्यंत गेले. खोटं कशाला बोलू,
शेवटची दोन वळणं सायकल हातात धरून, चालत.
वर चर्चचं दार बंद, नळाला पाणी,
एक कुत्रं, त्यानं ओळखलं नाही.
अंजिरं खाल्ली. वळले.

उतार मात्र फुकट मिळाला.
वारा कानात शिरला, वेली एकामागे एक
रांगेनं मागं पडत गेल्या,
तोडणीला आलेले काळे घड, गोडसर आंबूस वास,
नदी डावीकडे, नदी उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
एकोणिसावं वळण आंधळं, समोरचं दिसत नाही,
तिथं हॉर्न द्यायचाच असतो.
सायकलला हॉर्न नाही, घंटासुद्धा नाही.
मी तोंड उघडलं.
पोंऽऽऽऽ
चोपन्न वर्षांची बाई!
पलीकडच्या डोंगरानं ते उचललं,
आणि खालच्या मळ्यात तोडणीवाल्या बायका
कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

बाराव्या वळणाला पोचले तेव्हा
बाटली बादलीबाहेर होती,
दगडावर फडकं, फडक्यावर पाव, कांदा, चीज.
अदेरितुनं घड्याळ पाहिलंच नाही.
साडेतीन वाजले होते.