भुकटी

झिगमुंट कालेटाच्या कंपनीत
सात वर्षं मी प्रेसवर होते.
टोलेडो, फर्निचरच्या दुकानामागची शेड.
आम्ही पोल्का छापायचो,
लग्नातले, नाताळातले,
आणि एकदाच, माझ्या बापाच्या अकॉर्डियनचा.
दोनशे प्रती. एकशे सत्तर परत आल्या.

पंचावन्नच्या मार्चात ज्यूकबॉक्सवाला ओर्लिक
वही काखेत मारून आला.
"झिगा, तुझ्या पोल्कावर कुणी नाणं टाकेना.
पोरं भलतंच काही मागतात."
मालकाने रुमाल काढून टक्कल पुसलं.
बाहेर बर्फ होता.

शुक्रवारी, काच कारखान्यातली पाळी संपवून
लूशस टार्व्हर आला, सोबत तिघे.
भिंतींना गाद्या टेकवल्या,
विकायच्याच, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट.
अकरा वेळा वाजवलं एकच गाणं.
मालक दर वेळी म्हणे, जरा बेतानं,
आणि ते दर वेळी आणखी सुसाट.
बाराव्या खेपेला ड्रमची काठी मोडली.
"हेच," मालक म्हणाला, "मोडलेलंच घ्या."
का, ते कुणी विचारलं नाही.
त्यालाही सांगता आलं नसतं.

आता हव्या होत्या तीन हजार प्रती,
आणि नवा माल उधारीवर कोण देणार?
मागच्या खोलीतले परतीचे गठ्ठे सोडले.
मधला कागदी गोल कापून काढायचा,
उरलेलं चक्कीत.
माझ्याच हातून गेला बाप.
ब्रोनिस्लाव पिएख, ब्रोनिस्लाव पिएख,
एकशे सत्तर वेळा
बादलीत पडलं त्याचं नाव.
त्याची झाली काळी भुकटी, कॉफीसारखी,
चिमूटभर माझ्या नखांतही.
मग वाफ, दाब, पंचवीस सेकंद,
आणि बाहेर टार्व्हर,
ऊन, कडेला अजून लवलवता.

पहिली प्रत लावली तेव्हा
सगळे सुईभोवती वाकलो.
गाण्याआधी नुसती खरखर,
कुणी दम घेऊन बसल्यासारखी.
"भिकार माल," मालक पुटपुटला.
मी ओठ मिटून घेतले.

लूशस ऐकतच नव्हता.
दुसरी प्रत हातात धरून
तो मधला कागद वाचत होता.
गायक: एल. टार्व्हर.
शब्द आणि चाल: झेड. कालेटा.
त्याने पुन्हा वाचलं, ओठ हलवत.
खिशात पंचवीस डॉलर होते, मिळालेले.

मग बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि अगदी अदबीनं विचारलं,
"बाई, हे गोल
तुम्ही कशानं कापता?"