सोळा वाटे

चार लाख पंच्याऐंशी हजार.
पणजीहून परतताना मांडवीच्या पुलावर
एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, हेल्मेटमध्ये.
आकडा कानाशी घुमला,
डिचोलीपर्यंत बाहेर पडेना.

आणि गंमत अशी की हे यंत्र आवाज करतच नाही.
आवाज करतात ते स्पीकर, जोर लावतो तो अँप.
हा प्रीअँप मध्ये बसून फक्त वाटे घालतो,
बाजारात कृष्णी तारल्यांचे घालते तसे:
बोलणं मधल्याला,
पावलं पाठीमागच्या दोघांना,
विमान छताला,
आणि घरघर सगळी त्या कोपऱ्यातल्या जाड्याला.
सोळा वाटे.
घरात आम्ही दोघं.

"म्हणजे मुकादम," सुलक्षा म्हणाली.
खाणीवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला
याहून नेमकं कुणी समजावलं नसतं.

विजेच्या बिलामागे दोन रकाने आखले.
डावीकडे लिहिलं:
दमट हवा. वोल्टेजचा लपंडाव.
मुंग्या (जुन्या अँपात त्यांनी एकदा संसार थाटला होता,
उजवी बाजू तेव्हापासून कधी बोलते, कधी रुसते).
बिघडलं तर बंगळूर, सहा आठवडे.
चार वर्षांनी नवं काही निघणार
आणि हे जुनं झालं म्हणून मुलगा फोनवर हसणार.
विहिरीचा पंप.

उजवीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग लिहिलं: हवंय.

म्हापशाच्या डॉक्टरने कानांचा आलेख काढून दिलाय.
चार हजारांपर्यंत रेघ कशीबशी चालत येते,
पुढे चोर्ल्याचा घाट उतरते.
यंत्र वीस हजारांपर्यंतचं,
मी फार तर सहाचं गिऱ्हाईक.
वरचं सगळं क्रशरने नेलं.
खाण थांबल्यावर उशिरा का होईना हिशेब झाला,
त्या चेकातूनच तर हे घ्यायचं म्हणतोय.

दुकानातला आल्वितो पोरगेलासा, नम्र.
काळोख्या खोलीत त्याने हेलिकॉप्टर सोडलं,
मी चक्क खाली वाकलो.
तो हसला नाही. रोजचंच असणार.
म्हटलं, "आता काही न लावता आवाज पूर्ण वर ने."
"कितें?"
"रिकामाच. शेवटपर्यंत."
त्याने नेला.
जाळीला कान लावला, त्यातल्या त्यात बरा, डावा.
काही नाही.
फुसफुस नाही, गुणगुण नाही,
धुतलेल्या पाटीसारखं काही नाही.

आणि त्यात हळूहळू माझाच कान वाजायला लागला.
बारीक शिट्टी, एका पट्टीतली, न थांबणारी.
क्रशर.
तो कधीच बंद झाला नव्हता.

रात्री घरी जुना अँप लावला. चकती घातली नाही.
त्याची ती नेहमीची सळसळ,
कुळागरात लांबवर पाट सोडल्यासारखी,
खोलीभर आली आणि शिट्टीवर बसली.
बावीस वर्षं मी हिलाच शांतता म्हणत होतो.

सुलक्षा दारात. "काही लावलं नाहीस?"
"लावलंय."

सकाळी ती बिल भरून आली.
पावती टेबलावर, तिच्याखाली बिल, पालथं.
'विहिरीचा पंप' यावर पेनाने एक आडवी रेघ.
"दोन वर्षं त्याला काही होत नाही," ती म्हणाली,
आणि हातातली पिशवी ओट्यावर उपडी केली:
दोन वाटे तारले.

भाव तीस तारखेपर्यंत कायम आहे.
तिला अजून काही सांगितलेलं नाही.