सांधा

ते तुकडे मोरबीचे.
नवापूरच्या सीमेवर ट्रक कलंडला तेव्हा
बापानं शंभर रुपयांत अख्खा ढीग उचलला:
न्हाणीघरांची निळी, हॉटेलांची मरून,
कुणाच्या तरी स्वयंपाकघराची
अर्धी केळी, अर्धं सफरचंद.

मंडळीनं नवं मंदिर बांधायला काढलेलं.
वेदीमागची भिंत आत वळवलेली,
नारळाची करवंटी उभी ठेवावी तशी.
आणि सलोमी नर्सनं परदेशातून धाडलेलं
एक कॅलेंडर, रावेन्ना नावाच्या गावचं.
ऑगस्टच्या पानावर अशीच करवंटी,
सोन्यानं लिंपलेली.

बाप, येशया वळवी, फरशी मिस्त्री,
ते पान घडी करून आठवडाभर खिशात घेऊन फिरला.
मग म्हणाला, हे सपाट बसवलेलंच नाही.
बघ, हा तुकडा खाली झुकलाय, हा जरासा डावीकडे.
दीड हजार वर्षांपूर्वीचा तो मिस्त्री
ओळंबा खाली टाकून परांचीवर चढला असणार.
आपण आयुष्यभर लेव्हल सांभाळली,
आणि उजेडाला तर
वाकडं बसलेलंच आवडतं.

सोनं?
नंदुरबारच्या मिठाईवाल्याकडून चांदीचा वर्ख आणला,
काजूकतलीवरचा. दोन काचांत दाबला,
वरून हळद घातलेलं वॉर्निश.
हार्डवेअरवाला दारातून डोकावला:
"हाई काय शे भाऊ, भिंत का बर्फी?"
बाप बोलला नाही. तोंडात तुकडा धरलेला.

रंग मी निवडायची. डालडाचे सात डबे.
गालाला त्यानं गुलाबी नाही लावली.
हिरवा घातला, जवळून शेवाळासारखा.
मी ओरडले. म्हणाला, मागच्या बाकापाशी जा.
गेले. वीस पावलांवर
हिरवा कुठे गेला कळलं नाही,
आणि एक माणूस माझ्याकडे बघत होता,
आपल्यातल्यासारखा रुंद नाकाचा, दाढी विरळ,
डोळे मात्र
चेहऱ्याला न विचारता मोठे झालेले.

रविवारी पंच आले.
ओबेद पाडवींनी चष्मा पुसला, दुसरी आज्ञा आठवून दिली.
"आपले आजे वाघदेवाला शेंदूर लावायचे.
ते सुटायला दोन पिढ्या गेल्या, येशया.
आणि तू परत डोळे बसवतोस?"
कुणीतरी म्हणालं, क्रूस चालेल. चेहरा नको.

सलोमीनं फोनवर सांगितलं,
तिकडेही हेच झालेलं.
राजाचा हुकूम निघाला, चेहरे खरवडले,
सोन्यावर नुसता क्रूस उभा केला,
आणि शंभरेक वर्षांनी चेहरे परत आले.
"शंभर वर्षं," बाप म्हणाला.
"तोवर आपलं सिमेंट टिकलं तर."

त्यानं वाद घातला नाही.
दात काढतात तसा
एकेक तुकडा हलवून, सैल करून काढला.
मी खाली ओंजळ धरलेली.
आधी दाढी, मग ओठ,
डोळे शेवटी, मध्ये चहा पिऊन.

क्रूस बसला. देखणा बसला.
अर्पणाच्या दिवशी ढोल वाजला, बिशपनं पाठ थोपटली.

पण नवा मसाला जुन्या मसाल्याशी मिळत नाही.
सकाळी काहीच दिसत नाही.
डिसेंबरात, चारच्या पुढे,
सुरतेची गाडी पुलावर वाजते तेव्हा
पश्चिमेच्या झडपेतून ऊन तिरपं शिरतं
आणि क्रूसाभोवती सांधा उठतो:
खांदे, डोकं,
विरळ दाढीची कड.
ओबेदकाका त्या वेळी डोळे मिटून असतात.
हल्ली जरा जास्तच वेळ.

आणि ते तुकडे?
आमच्या चुलीमागच्या भिंतीत आहेत.
चेहरा नाही केला, हाताला आले तसे लावले.
धुरानं काळवंडतात, शनिवारी मी राखेनं घासते.
गाल कुठे, ओठ कुठे,
आता बापालाही सांगता येणार नाही.

दोन काळे चौकोन मात्र मला माहीत आहेत.
एक मिठाच्या बरणीमागे.
दुसरा, जरासा डावीकडे झुकलेला,
भाकरी फुगते का
ते बघत असतो.