हद्दवाढ

आयटीआयचं गोदाम, टेबल नंबर सात.
माझ्याकडे पेन्सिल, खोडरबर, तीन प्रतींचा तक्ता.
पंखा लावला की कागद उडतात
म्हणून पंखा बंद.

आधी टपालाची मतं. त्यात एक माझं:
ड्युटीवरल्या माणसाचं मत लिफाफ्यात जातं,
ना शहरात मोजतात ते, ना वाडीत.

मग सराफा, किल्ला गल्ली, मोंढा, स्टेशन रोड.
डॉक्टर बिडवे पुढे. सहाशेनं. नऊशे चाळीसनं.
जाळीपलीकडून त्यांचा पोरगेला प्रतिनिधी
मला डोळा मारतो, जणू आकडे मीच पाडतोय.
बाहेर गुलालाचं पोतं फुटलेलं. ऐकू येतं.

पण मतदानाच्या दिवशी हेच शहर
निम्मं घरी नव्हतं.
सुट्टी होती. गाड्या वेरूळला गेल्या होत्या,
कुणी दुपारी झोपून उठून म्हणालं,
आपल्या एकानं काय होतंय.

पाचव्या फेरीपासून हद्दवाढ.

चार वर्षांखाली कुणीतरी नकाशावर
लाल शाईनं रेघ ओढली
आणि पाच वाड्या नगरपरिषदेत आल्या.
नळ आला नाही. घरपट्टी आली.
रेघ गेली शेषेराव खंदाऱ्याच्या गोठ्यातून:
दावण शहरात, उकिरडा खेड्यात.
शेषेराव सांगत सुटला,
"म्हैस बसती वाडीत सर, अन् उठती शहरात.
दूध कोणत्या भावानं घालू?"

या वाड्यांची अर्धी माणसं उसाला गेलेली, सांगलीकडं.
त्या दिवशी मी तिथंच होतो, शाई लावायला.
पाच वाजून वीस मिनिटांनी फाटकाशी टेम्पो.
कोयते टेम्पोतच ठेवून
बाया आधी उतरल्या, रांगेला लागल्या.
केंद्राध्यक्षांनी शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या.
बोटं चिकटानं इतकी काळी
की शाई दिसेना. दोनदा लावली.
डिझेल कुणी घातलं कुणी विचारलं नाही,
मीही इथं लिहीत नाही.

आता तीच मशीन माझ्यासमोर, लाखेचं सील तोडून.
अंगणवाडी सोडून उभ्या राहिलेल्या कौतिका गव्हाणे:
तीनशे अकरा.
डॉक्टर: सत्तावीस.
पोरगेला प्रतिनिधी डोळा मारायचा थांबतो.

वाटलं, झालं, शहर एकीकडं, वाड्या एकीकडं,
उद्याच्या पेपरात हेच येणार.
पण आठव्या फेरीत रेणुकातांडा
सगळाच्या सगळा डॉक्टरांना.
तिथं एका लेकराला पान लागलं होतं
आणि रात्री दोनला दवाखान्याचं शटर
डॉक्टरांनी स्वतः वर केलं होतं.
आणि नवव्यात आमची शिक्षक कॉलनी,
टाइल्सची, गेटची, कुंड्यांची,
वाडीसारखी पडली.
पडणारच. आमच्या स्वयंपाकघरांत अजून
गावाकडून येतं ज्वारीचं पोतं,
त्यासोबत निरोपही येतो.

तक्त्याला दोनच रकाने: शहरी भाग, वाढीव भाग.
कॉलनी कुठं लिहू? साहेब म्हणाले,
"छापलंय तसं लिहा, मास्तर."

अकरावी फेरी. बेरीज दोनदा केली,
तिसऱ्यांदा साहेबांनी केली.
गव्हाणेबाई त्रेसष्ट मतांनी.
'वरीलपैकी कोणी नाही' दोनशे बारा.
त्या दोनशे बारांना कुणी टेम्पो पाठवला नव्हता,
ते आपल्या पायांनी आले होते.
त्यांच्यासाठी गुलाल नाही. हलगी नाही.

संध्याकाळी गोदामाबाहेर शेषेराव भेटला.
भाच्याला फोन लावून दिला मीच.
तिकडून फडातला वारा, पाचटाची सळसळ,
आणि कुणीतरी बाई लांबून,
"कोण आलं रे?"
"आपली."
"बरं झालं.
मोळी उचल, गाडी भरायची राहिली."