दहा ते दोन

सकाळचा नमुना नको, डॉक्टर एन्योनाम सांगतात.
ऊन डोक्यावर चढू लागलं की मगच
अंडी बाहेर पडतात, दहा ते दोनच्या मधे.
म्हणून शाळेतली पोरं आधी मैदानाला दोन फेऱ्या मारतात,
मग एकेक बाटली घेऊन भिंतीआड जातात
आणि खिदळत परत येतात.
ज्याची बाटली सर्वांत लाल, तो छाती काढून चालतो.
इथे ते मिसरूड फुटण्यासारखंच मानतात.

मी डोत्से. डॉक्टरांचा हिशेबनीस म्हणा.
दहा मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढायचं,
नाण्याएवढ्या जाळीतून हळूच ढकलायचं,
जाळी काचेवर ठेवून भिंगाखाली सरकवायची.
आधी नुसता पिवळा उजेड. मग ते दिसतं:
साळीच्या दाण्यासारखं लांबट, शेपटाला एक काटा,
आत काहीतरी वळवळणारं.
वडील जाळ्यातले मासे मोजायचे.
मी जाळीतली अंडी मोजतो.

हे तळं आजोबांच्या तरुणपणी नव्हतं.
धरण झालं, नदी फुगली, झाडं उभ्या उभ्या बुडाली.
त्यांचे काळे शेंडे अजून होड्या अडवतात.
विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून शहराकडे गेल्या;
आमच्या वाट्याला पाणवेली आल्या, पानांखाली गोगलगाई,
आणि दुपारी त्यांच्यातून सुटणारं, नजरेला न दिसणारं काही,
जे पोहणाऱ्याच्या कातडीतून वाट काढतं.
डॉक्टर गुडघाभर बूट घालून गोगलगाई वेचतात,
एकेकीला वेगळ्या पेल्यात उन्हात ठेवतात
आणि बसून राहतात.
माणसासाठीही कुणी इतका धीर धरलेला मी पाहिला नाही.

मी तर धरलाच नव्हता.
बायकोचं नाव जिग्बोडी. आमच्या भाषेत त्याचा अर्थच धीर.
तिला मधेच कधीही डाग पडायचे,
जवळ गेलं की दुखतं म्हणायची.
दवाखान्यातल्या बाईने आठ्या घालून विचारलं,
हे कुठून आणलंस?
आईने ऐकलं. पाण्यावरच्या बायकांनी ऐकलं.
मी काही बोललो नाही.
तिची पेटी होडीत ठेवायला मात्र मीच होतो.

चौथ्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या, पोरं पुष्कळ झाली,
बायांचं कुणी मोजलेलंच नाही.
पलीकडच्या काठावरून बाटल्या येऊ लागल्या.
नाव नाही, नुसते आकडे.
एकशे अठ्ठेचाळीस: सत्तावीस अंडी.
वहीत डॉक्टरांचं तिरकं अक्षर:
वय एकतीस. मूल नाही. मासे धुरी देऊन वाळवते.
डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग.

तो डाग पडला तेव्हा पाण्याचं भांडं घेऊन मी धावलो होतो.
याच तळ्यातलं पाणी.

पुन्हा मोजली. सत्तावीस.
तिसऱ्यांदा मोजताना भिंग धुकटलं.
डॉक्टरांनी पाहिलं, विचारलं काहीच नाही.
एवढंच म्हणाल्या, उद्या गोळ्या घेऊन तू जा.
होडी येते ना तुला.

उंची मोजायची काठी असते, रंगवलेली;
या रेघेपर्यंत तीन गोळ्या, वर गेली तर चार.
ती काठीला पाठ लावून उभी राहिली, टाचा जुळवून,
जणू मी आणखी काही मोजायला आलो होतो.
चार भरल्या.
कडू आहेत, आधी काही खाऊन घे, मी म्हटलं.
वल्हवताना पाठ केलेलं बाकी सगळं होडीतच राहिलं.
तिने मक्याचा गोळा मिरचीला लावून सावकाश खाल्ला,
मग एकेक गोळी.
शेवटचा घोट घेऊन विचारलं, आईला सांगितलंस?
नाही.
मग आधी तिकडे जा.

साडेबारा वाजले होते.
भांडं घेऊन ती उतारावरून निघाली.
गोळ्यांनी आतले किडे मरतात, पाण्यातले नाहीत;
तिला ठाऊक होतं, मलाही.
वेली हाताने सारत ती मांडीभर पाण्यात शिरली.

होडी ढकलायला मी उतरलो.
बूट घातले नाहीत.