वाकवलेलं बोट

सहाला पाच कमी. फाटकापाशी व्होलातियाना
एकेकाचे मोजे तपासते. पँट आत खोचा म्हणते,
इथल्या जळवा पाहुण्याला गाव विचारत नाहीत.
तिच्या खांद्याला एक पोचे आलेली किटली,
तिच्यात भाताच्या करपल्या खरवडीवर ओतलेलं गरम पाणी.
मधूनमधून झाकणात ओतून पुढे करते.
आपण घासून मोरीत सोडतो ती चव
मी तोंडात घोळवत चालते
मादागास्करच्या पूर्वेकडल्या ओल्या डोंगरात.

तीन तासांचे पैसे आगाऊ.
काय दिसेल याची हमी नाही,
हे पावतीवरच छापलंय.

वाट अशी नाहीच. चिखल, मुळं, परत चिखल.
रावेनालाच्या पंख्यात साठलेलं कालचं पाणी
नेमकं मानेवर सांडतं. बोटभर सरड्याचा
एक डोळा माझ्यावर, दुसरा आपल्या कामात.

ती पुढे चालता चालता सांगते, मागे न बघता:
फार पूर्वी एक परका आला, दिसेल त्याचं नाव लिहून घेणारा.
वर काही काळंपांढरं हललं.
सोबतचा गावकरी म्हणाला, 'इंद्री!'
म्हणजे नुसतं, ते बघ.
यानं वहीत लिहिलं: इंद्री.
'असं म्हणतात. खरंखोटं त्या वहीला माहीत.
आम्ही बाबाकोतो म्हणतो. कोतोचा बाप.'

बाबा म्हणजे आमच्यातही बापच, मी म्हटलं.
आणि इंद्रियं आम्ही अकरा मोजतो,
डोळे, कान, हात, पाय, अगदी मनसुद्धा.
'अकरा?'
ती पहिल्यांदाच वळून उभी राहिली.
'या टेकडीवर तीन उरलीत.'

दोन तास गेले. घेंटचा निवृत्त दंतवैद्य
खिशातून फोन काढतो, त्यात त्यांचा आवाज आहे,
वाजवू का, येतील जवळ.
ती फोनवर नुसता तळवा ठेवते.
'मी वाजवलाय एकदा. नवी होते कामाला.
आली ना. दुपारपर्यंत हाका मारत फिरली,
नसलेल्या घराला.'

मग आम्ही बसलो. कुणी खोकलं नाही.

शंख फुंकताना आधी नुसती हवा निघते,
तसं काहीतरी. मग स्वर धरला गेला,
वर चढला, चढतच गेला,
उतरताना पायरी पायरी मोडत उतरला.
दुसऱ्यानं तो मधेच उचलला.
तिसरं लहान असावं, भलत्या जागी घुसलं,
सम चुकली, तरी गातच राहिलं.
माझ्या बरगड्यांत कुणी भांडी हलवल्यासारखं झालं.

आणि एकदम थांबली.

'आता ऐकतायत,' व्होलातियाना पुटपुटली.
'समोरच्या टेकडीनं उत्तर द्यायचं असतं.'
समोरच्या टेकडीवर निलगिरी, सरळ रांगांत.
तिचा भाऊ तिथे कोळसा पाडतो.
'वाईट नाही तो. शाळेची फी भरतो.
माझ्या मुलीचीही.'

धुकं जरा सरकलं.
एक पाठ. एक लांबच लांब पाय.
शेपूट हवं तिथे काहीच नाही.
तिनं दाखवलं, तर्जनी पेरापाशी दुमडून,
जणू दारावर टकटक करायचीय.

असं का, मी विचारलं.
कबरीकडे बोट ताणायचं नसतं आमच्यात, ती म्हणाली,
वाकवून दाखवायचं. पूर्वजांचा मान.

पण हे तर जिवंत आहे.

ती वरच बघत राहिली. बोट तसंच.

परतताना रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती,
तोंडाशी गवत कोंबलेली, गाडीची वाट बघणारी.
दंतवैद्यानं त्यांचाही फोटो काढला.

रात्री केस विंचरताना कानामागे हाताला लागली,
टम्म, गार,
सकाळपासून ऐकत बसलेली जळू.